डोंगराच्या पोटातून वाट

पावसात ओढा भरला की दवाखाना किती लांब होतो, हे आपल्यातल्या अनेकींनी सोसलंय. आता विचार करा, तो ओढा सहा महिने उतरलाच नाही तर?

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्याचं असंच होतं. मनालीहून तिकडे जायची वाट ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून. हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद व्हायची. बाळंतीण अडली तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. हवा बिघडली तर तेही नाही.

म्हणून खिंडीखालून बोगदा काढायचं ठरलं. काम २०१० मध्ये सुरू झालं आणि ३ ऑक्टोबर २०२० ला रस्ता खुला झाला. हाच अटल बोगदा. लांबी ९.०२ किलोमीटर, आणि जागा आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर.

तो खणला कसा? आपण विहीर खणतो तसाच. खडकात भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, धूर काढायचा, दगड उपसायचे. पण विहिरीवर आभाळ असतं, इथे डोक्यावर अख्खा डोंगर. म्हणून थोडंच खणायचं, आणि लगेच खडकात लांब सळया ठोकून काँक्रीटचा फवारा मारायचा. खडक कच्चा असेल तिथे लोखंडी कमानीही. मगच पुढचा सुरुंग.

खरी परीक्षा झाली सेरी नाल्याखाली. तिथे भुसभुशीत माती-दगड, त्यात पाण्याचा लोंढा. अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच्या त्या पट्ट्याने काही वर्षं खाल्ली. शिवाय उत्तरेकडच्या तोंडाशी जायची वाट तीच खिंड, त्यामुळे हिवाळ्यात तिकडचं काम थांबायचं. दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या त्या ऑक्टोबर २०१७ मध्ये.

आत गाड्यांचा धूर कोंडू नये म्हणून पंखे हवा खेळती ठेवतात. दर १५० मीटरवर मदतीसाठी टेलिफोन आहे. आग लागली तर पळायला रस्त्याच्या खालीच दुसरी वाट काढली आहे.

बोगदा पुरा व्हायच्या आधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, लाहौलच्या लोकांसाठी त्यातून सरकारी बस सोडली गेली. मात्र जोराचा बर्फ पडला की बोगद्याच्या बाहेरचा रस्ता आजही बंद पडतो. म्हणजे नुसता बोगदा पुरत नाही, दारापासून दवाखान्यापर्यंत सगळी वाट चालू लागते.

आपली वाट कुठे तुटते? पुढच्या बैठकीत गटाने ती जागा नेमकी लिहून काढावी, आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत मांडावी. आम्हालाही कळवा.