डाळिंबाच्या बागेतली फुलपाखरं

सांगोल्याजवळच्या एका बागेत फुलपाखरांचे फोटो काढत होतो. बागायतदार दादांनी विचारलं, "ही पाखरं फायद्याची की तोट्याची?" प्रश्न फार चांगला आहे, म्हणून इथेच लिहितो.

डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी निमुळतं असतं ते नर फूल. बुडाशी फुगीर असते तिला आपण मादी कळी म्हणतो, पण तिच्यात नर-मादी दोन्ही भाग असतात. फळ तिलाच धरतं. नर फुलं गळतात, तरी ती वाया जात नाहीत. त्यांचे परागकण कामी येतात.

हे कण वाहून नेण्यात मधमाश्या सगळ्यांत पुढे: सातेरी, फुलोरी, आग्या. त्यांच्या केसाळ अंगाला पराग भरपूर चिकटतो. फुलपाखरू लांब सोंडेने मध पितं, त्याला कमी चिकटतो. म्हणजे मदत होते, पण थोडी.

एक फुलपाखरू मात्र खरंच त्रासाचं. ते फुलांवर, कोवळ्या फळांवर अंडी घालतं आणि अळी फळात शिरून दाणे खाते. अशी भोकं पडलेली फळं तोडून नष्ट करा.

बाकीच्यांना अभय द्या! रुईवर वाढणारी, कढीपत्त्यावर वाढणारी फुलपाखरं डाळिंबाला हात लावत नाहीत.

बाग फुलात असताना फवारणी शक्यतो टाळाच. अगदीच गरज पडली तर सूर्यास्तानंतर करा. बांधावर तुळस, झेंडू, बडीशेप असू द्या.

तुमच्या बागेत कोणती पाखरं दिसतात? फोटो टाका, ओळखायला मदत करतो.