सीडी२८ : पाचशेपट कमी डोस देऊनही काय चुकलं?

फ्लो सायटोमेट्रीचं पॅनल बनवताना आपण सीडी३, सीडी४, सीडी२८ अशी नावं सवयीने लिहितो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही त्यांना पेशींवरच्या पाट्याच समजत होते. पण यातला प्रत्येक रेणू काहीतरी काम करतो, आणि ते काम भलत्या वेळी करून घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे टीजीएन१४१२.

आधी थोडी उजळणी. टी पेशीचा रिसेप्टर समोरच्या पेशीने एमएचसीवर धरलेलं पेप्टाइड ओळखतो. या रिसेप्टरची आतली शेपटी अगदी आखूड, म्हणून संदेश आत पोचवतात त्याला चिकटलेल्या सीडी३च्या साखळ्या. हा पहिला संदेश. दुसरा सीडी२८ देतो, समोर सीडी८० किंवा सीडी८६ भेटला की. डेंड्रायटिक पेशी हे दोन्ही रेणू जंतूची चाहूल लागली की भराभर वाढवते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच हे. नुसता पहिला संदेश आला तर नवखी टी पेशी सहसा निपचित पडते.

टीजीएन१४१२ ही सीडी२८वर बसणारी अँटिबॉडी मात्र एकाच किल्लीने लॉकर उघडायची! उंदरांमध्ये तिच्यासारख्याच, उंदरांच्या सीडी२८वर बसणाऱ्या अँटिबॉडीने नियंत्रक टी पेशी वाढवल्या होत्या, म्हणून संधिवातासारख्या आजारांत उपयोग होईल अशी आशा होती.

१३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. सहा निरोगी स्वयंसेवकांना काही मिनिटांच्या अंतराने औषध दिलं, दोघांना प्लासिबो. डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, माकडांनी ५० मिलिग्रॅम सहन केला होता. दीड तासाच्या आत डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी सुरू. मग सायटोकाइनचं वादळ, अवयव निकामी व्हायला लागले, सहाही जण आयसीयूत. सगळे वाचले, पण एकाच्या हातापायांच्या बोटांचे भाग गेले.

माकड निवडण्यात वरवर काही चूक नव्हती. त्याच्या सीडी२८चा पेशीबाहेरचा भाग माणसाच्यासारखाच आहे. नंतर कळलं ते असं, की त्या माकडांच्या सीडी४ इफेक्टर मेमरी पेशींवर सीडी२८ नसतोच. माणसात असतो, आणि याच पेशी झटक्यात सायटोकाइन ओततात. रेणू तोच, पण कुठल्या पेशीवर, हे कुणी मोजलं नव्हतं.

बरं, माणसाच्या रक्तपेशींवर आधी करून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पण द्रवात विरघळलेली अँटिबॉडी टाकली की पेशी शांत राहायच्या. घटनेनंतर एनआयबीएससी या ब्रिटिश संस्थेत ती प्लास्टिकवर सुकवून बसवली, तेव्हा पेशी पेटल्या. हे वाचून मला माझा एक वाया गेलेला आठवडा आठवला. शुद्ध केलेल्या टी पेशींसाठी प्लेटवर अँटी-सीडी३चं कोटिंग करायचं विसरले आणि ती थेट मीडियमात टाकली. विभाजन शून्य. मी पेशींनाच दोष देत बसले होते! रिसेप्टर एकत्र खेचले जायला अँटिबॉडीला कुठेतरी पाय रोवायला लागतात.

२००७मध्ये युरोपच्या औषध नियामकाने नियम बदलले: पहिला डोस आधी एकाच माणसाला, मग थांबून पाहायचं, आणि डोस ठरवताना किमान जैविक परिणाम कुठे सुरू होतो ते धरायचं. गंमत म्हणजे हीच अँटिबॉडी पुढे रशियात नव्या नावाने पुन्हा माणसांना दिली गेली, किलोमागे ०.१ ते ७ मायक्रोग्रॅम. वादळ आलं नाही.