बँकेने कापलेले पैसे परत येतात, कधी भरपाईसकट!

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. आता काय? व्यवहारानंतर पाच दिवसांत बँकेने ती परत जमा करायची. नाही केली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकाने तक्रार केली नसली तरी, आपणहून! रिझर्व्ह बँकेचा हा नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे आणि तो प्रत्येक खातेदाराला तोंडपाठ हवा.

शंभराचा हा दर मात्र २००९ पासून तसूभरही हललेला नाही. तो वाढवायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूपीआयने मित्राला पाठवलेले पैसे मध्येच अडकले, तर मुदत फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत. दुकानदाराला पाठवलेले असतील तर पाच दिवस.

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला मोफत व्यवहार किती? मुंबईत तीन, पुण्यात पाच! या हिशेबात पुणे महानगर धरलेले नाही. मशीनमध्ये रोकड नसल्याने किंवा यंत्र बिघडल्याने पैसे मिळाले नाहीत, तर ती खेप मोफत कोट्यातून वजा होत नाही. त्यासाठी शुल्क कापले असेल, तर बिनधास्त परत मागा.

आता १७ रुपये ७० पैशांची गोष्ट. १५ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जनधनसारख्या बेसिक बचत खात्यांवर महिन्यातल्या चार मोफत व्यवहारांनंतर स्टेट बँक एवढी रक्कम आकारत असे, अगदी यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवरही. आयआयटी मुंबईचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी हे प्रकरण लावून धरले. ३० ऑगस्ट २०२० रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्याच बँकांना सांगितले, की १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करा. दास यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात स्टेट बँकेकडे असे २५४ कोटी रुपये गोळा झाले होते आणि त्यातले सुमारे ९० कोटीच परतले. शुल्क नियमांना धरूनच होते, असे बँकेचे म्हणणे. पण ज्याच्या खात्यात मुळात दोन-तीनशे रुपये असतात, त्याला १७ रुपये ७० पैसे म्हणजे एका वेळचा भाजीपाला. हा माणूस पासबुक घेऊन भांडायला येत नाही, म्हणूनच त्याच्यासाठी कुणीतरी आकडेमोड करणे मोलाचे ठरते.

किमान शिल्लक नाही म्हणून दंड? तो कापून खाते शून्याखाली नेता येत नाही. निष्क्रिय खात्यावर तर हा दंड १ एप्रिल २०२४ पासून बंदच.

उशिराचे आणखी दोन दर ऐका. थकबाकी नसलेले क्रेडिट कार्ड बंद करायला सांगूनही सात कामकाजाच्या दिवसांत केले नाही, तर रोज ५०० रुपये. गृहकर्ज फिटल्यावर घराची कागदपत्रे बँकेच्या चुकीने ३० दिवसांत मिळाली नाहीत, तर रोज ५,०००!

पैसे अडलेच, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. वकील नको, फी नको. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.