थ्री-फाइव्ह-हंड्रेड-झी का मरते?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या लिनियर अँप्लिफायरमधली ही काचेची व्हॅक्यूम ट्यूब. नव्या हौशी मित्राला तिची प्लेट लालसर दिसली की धडकी भरते. घाबरू नका, थोडी लाली हवीच! प्लेटवरचा झिर्कोनियमचा थर तापला की आत उरलेला वायू शोषून घेतो. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये मात्र वायू साठतो, आणि थेट पूर्ण व्होल्टेज दिलं की आत ठिणगी उडते.

खरा घात ट्यूनिंगमध्ये होतो. प्लेट सर्किट रेझोनन्सवर नसेल तर अँटेनाकडे जायची शक्ती प्लेटमध्येच उष्णता होऊन साठते; प्लेटची मर्यादा ५०० वॅट. ग्रिडची तर फक्त २० वॅट! म्हणून ट्यून करताना ग्रिड करंटवरची नजर हलवू नका.

फिलामेंट ५ व्होल्टचं, ५ टक्के कमी-जास्त चालतं. पण ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या टॅपला घरात २५० आले तर ते ५.४ वर जातं आणि आयुष्य झपाट्यानं घटतं. मोजमाप थेट सॉकेटच्या पिनांवर घ्या.

आणि पंखा! काच-धातूच्या सांध्यांना गार हवा मिळाली नाही तर ते तापून गळू लागतात आणि तिथून हवा आत शिरते.