‘स्ट्रेंजली’चें मराठी

इंग्रजींतील ‘स्ट्रेंजली’ हें क्रियाविशेषण दिसावयास साधें. परंतु त्याचें मराठी करतांना भल्याभल्यांची लेखणी अडखळते. शाळेंत त्याचा अर्थ ‘विचित्रपणें’ असा पाठ करवितात, आणि घोटाळ्यास तेथेंच आरंभ होतो.

‘तो स्ट्रेंजली हसला’ असें म्हटलें म्हणजे हसण्याची तऱ्हा विचित्र होती, हें उघड आहे. पण तोच शब्द वाक्याच्या आरंभीं आला व त्यापुढें स्वल्पविराम पडला, कीं तो क्रियापदास सोडून सबंध वाक्यास चिकटतो. मग विचित्र वाटतें तें सांगणाऱ्यास. करणाऱ्याकडे कांहीं दोष नसतो. समजा, नगरच्या कापडबाजारांत एका हमालानें सांपडलेलें पाकीट मालकास परत केलें, आणि इंग्रजी बातमीदारानें आरंभीं ‘स्ट्रेंजली’ घातलें. त्याचें ‘हमालानें विचित्रपणें पाकीट परत केलें’ असें भाषांतर करणारा त्या प्रामाणिक माणसास विक्षिप्त ठरवितो! ‘नवल असें, कीं हमालानें पाकीट परत केलें’ एवढ्यानें काम भागतें. हमालाच्या सचोटीचें बातमीदारास नवल कां वाटावें, हा प्रश्न निराळा.

हें ‘नवल’ मराठीस कोठून उसनें आणावयाचें नाहीं. त्याच नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तींत हा शब्द ठिकठिकाणीं भेटतो. पुढें पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें नगर शहर वसविलें. अशा फारसी दरबारांच्या सहवासानें ‘अजब’ मराठींत रुळला, आणि ‘तऱ्हे’पासून ‘तऱ्हेवाईक’ही झाला.

शब्दांचीं कुळें पाहिलीं तर मौज वाटते. ‘स्ट्रेंज’चें लॅटिन मूळ ‘बाहेरचा’ असें सांगतें. म्हणजे परका तो विचित्र! संस्कृतांतील ‘विचित्र’ मात्र मुळांत नानारंगी. मराठींत येऊन त्यास निंदेचा वास लागला. ‘विलक्षण’ म्हणजे निराळ्या लक्षणांचें, तें उलट स्तुतीकडे झुकलें. म्हणून ‘विलक्षण बुद्धि’ हा गौरव, तर ‘विचित्र बुद्धि’ ही तक्रार.

‘स्ट्रेंजली’ कधीं विशेषणामागेंही उभा राहतो: मुलें आजोळीं गेल्यावर घर ‘स्ट्रेंजली’ शांत होतें. येथें ‘विचित्रपणें शांत’ कोणी म्हणत नाहीं, आणि ‘नवल’ही बसत नाहीं. घरांतील बाई सहज म्हणून जाते, ‘घर कसें शांत शांत वाटतंय!’