डब्यातली परसबाग : आपल्या उन्हात भाजी कशी जगवायची?



शाळेची परसबाग का टिकत नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीत वेगळं सांगायला नको. कुंपण मोडून रानडुकरं येतात, माकडं टमाटर नेतात आणि उरलंसुरलं उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळून जातं. मग पुढच्या वर्षी मुलं बी लावायला पुढे येत नाहीत. अशा ठिकाणी भाजी डब्यात लावून पाहा. डबा व्हरांड्यात ठेवता येतो, सुट्टीत घरी नेता येतो.

पण एक फरक लक्षात घ्या. शेतात मूळ ओलीच्या शोधात खोल जातं; डब्यात त्याला तेवढीच माती. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा पत्र्याचा डबा चारही बाजूंनी तापतो आणि मुळं भाजतात. म्हणून डब्याला तरट गुंडाळा आणि फक्त सकाळचं ऊन येईल अशी जागा निवडा.

डबा : तेलाचा डबा, फुटकी बादली, तांदळाचा कट्टा चालेल. फवारणीच्या औषधाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी नको. तळाला चार-पाच छिद्रं मोठ्यांनीच पाडावीत. मुळांनाही हवा लागते. पाणी साचलं की ती कुजतात.

माती : नुसती धानाच्या बांधीतली माती वाळली की दगडासारखी होते. दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं रेती असं मिसळा.

काय लावायचं : पावसाळ्यात अंबाडी, चवळी, भेंडी. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, सांभार. पालेभाज्यांना ६ ते ८ इंच माती पुरते; वांगी, टमाटर, मिरचीला किमान १२ इंच हवी. सुरुवात मेथीने करा. ती चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडता येते. लहान मुलांचा धीर तेवढाच असतो.

पाणी : बोटाचं एक पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, सकाळी किंवा संध्याकाळी.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. एक डबा छिद्रांचा, एक बिनछिद्रांचा. दोन्हींत मेथी पेरा, सारखंच पाणी द्या. काय घडलं, ते मुलांनाच वहीत लिहू द्या.

वीस डब्यांनी शाळेचं पोट भरणार नाही, हे खरं. पण आपण खुडलेला सांभार खिचडीवर पडला, की ताटातली भाजी बाजूला सारणारं पोरही ती खाऊन बघतं. आपल्याला तेच तर हवं आहे.