उकाडा आणि मनःस्वास्थ्य
ठाण्याच्या वर्तकनगरातील जुन्या म्हाडा इमारतींच्या वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता घरात सोडतो. हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, अंग निवत नाही, झोप मोडते; चिडचिड आणि अस्वस्थता बहुधा इथूनच वाढते. म्हणून उन्हाळ्यात मन सांभाळायचे तर आधी झोप सांभाळावी. निजण्यापूर्वी अंघोळ आणि ओलसर अंगावर पंखा, एवढ्यानेही फरक पडतो.

लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात विशेष जपावे. शरीरातले पाणी घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते. हात जास्त थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. अशा वेळी डॉक्टरांना ताबडतोब गाठावे. मन खचल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.